पहिल्या वेचणीची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. जुनी म्हणाले, फाटकी नाही म्हणाले. माझी खोळ तीनदा बदलली, पण आतली रुई तीच आहे. आजकालच्या स्पंजच्या गाद्यांसारखी मी पिशवीत बसून दुकानातून आलेली नाही. मला कुळ आहे. त्या कुळाचा मला फार तोरा होता. आज त्याच कुळाचं नाव काढताना माझी मान खाली जाते. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

विदर्भात आर्वीजवळच्या एका गावात सिंधूताईचं शेत आहे. कापसाच्या पहिल्या वेचणीला तिथं आधी दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. त्या वर्षी सिंधूताईनं पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात जाऊ दिला नाही. तिचा भाचा अंकित शिकायला नागपूरला निघाला होता.

तिचा नवरा वामनराव म्हणाला, "अवं, नागपुरात काय गाद्या मिळत नाहीत?"

"मिळतेत ना. पण त्यात आपला कापूस असते काय?" ती म्हणाली. वामनराव पिंजाऱ्याला बोलवायला उठला. तिच्यापुढं त्याचं कधी चालत नाही.

पिंजारी आला आणि त्यानं दिवसभर अंगणात रुई पिंजली. टाके मात्र सिंधूताईनं कोणाला घालू दिले नाहीत. लांब सुई घेऊन ती स्वतः माझ्यावर बसली आणि एकेक टाका असा ओढला, की माझा श्वास कोंडला. मग एसटीच्या टपावर बसून मी नागपूर पाहिलं.

अंकित माझ्यावरच लहानाचा मोठा झाला, असं मी म्हणते. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. बायको आली मयुरा. बोलायला तिखट, कामाला त्याहून तिखट. त्यांनी नागपुरातच बेसा भागात कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर मला जागा मिळाली. पुढं गुंजन झाली. ती पोर माझ्यावर कोलांट्या मारायची, आणि कधी ओलंही करायची. मी रागवायचे, पण तिच्यावर माझा राग टिकत नसे.

आमच्या विदर्भात कोणाला मोठं दुखणं झालं, की माणूस नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांची वाट धरतो. पेशंट दवाखान्यात राहतो आणि सोबतचं माणूस नातेवाइकाच्या घरी. आमचं घर त्यासाठी ठरलेलंच. कोणाची आई, कोणाचा जावई, कोणाची बाळंतीण. दिवसभर दवाखान्याच्या पायऱ्या चढून आलेली माणसं रात्री माझ्यावर पडत आणि म्हणत, "अंकितच्या घरच्या गादीवर काळजीतही डोळा लागते." असं ऐकलं, की मी फुगून दुप्पट होत असे. पण मागून कुरकुरही करत असे. हा केसांना तेल थापून आला, ही पाय न धुता चढली. मोठेपणा हवा, पण डाग नको, असा माझा स्वभाव.

एके दिवशी नवरा-बायको माझ्यावरच बसून बोलू लागले. कर्ज वीस वर्षांचं होतं. मयुराला ते निम्म्या वेळात फेडायचं होतं.

"बाहेरच्या खोलीत मी ट्यूशन घेते. सकाळी एक बॅच, संध्याकाळी दोन," ती म्हणाली.

"आणि पाहुणे?"

"थोडी वर्षं थांबतील. आपण काय धर्मशाळा उघडली आहे का?"

दुसऱ्या दिवशी दिवाण विकला गेला. माझी गुंडाळी झाली, दोरी आवळली गेली आणि मी माळ्यावर गेले.

मित्रांनो, आता खरं सांगते. मला बरं वाटलं. म्हटलं, झालं एकदाचं. आता कोणाच्या तेलकट डोक्याची भानगड नाही.

शाळा म्हणून मी जी पाहिली, ती माळ्यावरूनच. खाली पोरं त्रैराशिक करत आणि मी वरून ऐकत असे. घरातलंही सगळं कळे. दोन बॅचच्या मधल्या वेळात मयुरा ओट्याशी उभ्यानं जेवायची. अंकित रविवारी दुसऱ्याच्या दुकानाचे हिशेब लिहायला जायचा. गुंजनचा नाचाचा क्लास सुटला. रविवारचं सावजी मटण बंद झालं. पोरीनं काहीही मागितलं, की उत्तर एकच, "यंदा नाही." मी त्यांना नावं ठेवत नाही. घर आपलं करायचं म्हणजे हाडं झिजवावीच लागतात. दोघांनी ती झिजवली.

मग एप्रिलमध्ये सिंधूताईचा फोन आला. अंकितनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"बापू, आमच्या ह्यायले धंतोलीत भरती केलं गा. डॉक्टर म्हणते, पंधरा दिवस तरी लागतीन. मी दिवसभर इथंच राहीन. फक्त रात्री पाठ टेकाले तुह्याकडं येत जाईन."

अंकितनं मयुराकडं पाहिलं. पहाटे परीक्षेची बॅच होती, तिची फी घेऊन झाली होती. मयुरानं नकारार्थी मान हलवली आणि लगेच नजर खाली घातली.

"आत्या, घरात रंगकाम काढलं वं," अंकित म्हणाला. त्याची जीभ अडखळली. "आणि गादी... गादीले वाळवी लागली. फेकून द्यावी लागली."

"अगं बाई! मह्या गादीले?" सिंधूताई म्हणाली. मग स्वतःच घाईघाईनं बोलली, "असू दे, असू दे. इथं लय जागा आहे. तू काळजी नको करू."

मी वर धडधाकट पडले होते. माझ्या अंगाला साधी कसरसुद्धा लागली नव्हती. मला असा संताप आला! पण कशाचा, सांगू? माझ्यावर वाळवीचा आळ घेतला, याचा. जिनं मला जन्म दिला, ती आज रात्री पाठ कुठं टेकणार, हे माझ्या मनातही आलं नाही. मला लाज वाटते ती याची. अंकित खोटं बोलला, ते त्याचं त्यानं पाहावं. माझं मला पाहू द्या.

अंकित रोज डबा पोचवायचा, त्यात मात्र चुकला नाही. एका रविवारी गुंजन त्याच्यासोबत गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात.

"आई, आत्याआजी दवाखान्यात जिन्याखाली झोपते. तिची हिरवी चटई आहे, बाहेरच्या ठेल्यावरून घेतलेली. इतकी पातळ, की खालची फरशी टोचते. मी बसून पाहिलं. मी म्हटलं, आमची गादी आणू का, माळ्यावर आहे."

मयुराच्या हातातला झारा तसाच राहिला. "मग काय म्हणाल्या?"

"हसली. म्हणाली, 'अस्सं? मंग वाळवी दुसरीकडं राहाले गेली असंल.' आई, वाळवी कुठं राहायला गेली?"

मयुरानं गॅस बंद केला. अंकित चप्पल न काढताच दारातून परत वळला आणि आत्याला आणायला गेला. मी माळ्यावर वाट पाहत राहिले. पहिल्यांदाच वाटलं, कोणीतरी मला खाली काढावं.

तो एकटाच परतला.

"नाही आली," तो म्हणाला. "म्हणते, 'जिन्याखाली आम्ही चार बाया आहो बापू. ओळखी झाल्या. आता उठली तं जागा जाईन.'"

त्या संध्याकाळच्या बॅचला मयुरानं काय शिकवलं, ते पोरांनाही कळलं नसेल.

वामनराव बरा झाला आणि दोघं गावी गेले. पुढच्या दिवाळीआधी कर्जही फिटलं. ठरवल्यापेक्षा लवकर फिटलं. घरात सत्यनारायण ठेवला, गावच्या सगळ्यांना फोन गेले. मयुरानं मला स्वतः खाली काढलं, गच्चीवर उन्हात टाकलं, काठीनं झोडपलं. आणखी झोडप बाई, मी मनात म्हणत होते. तिनं मला नवी खोळ चढवली आणि बाहेरच्या खोलीत मधोमध अंथरलं.

माणसं आली, माझ्यावर बसली, घराचं कौतुक झालं. वामनराव काठी टेकत आला आणि माझ्या कडेला बसला. त्याच्यामागून सिंधूताई आली. तिनं काखेतली हिरवी चटई काढली, माझ्यापासून हातभर अंतरावर पसरली आणि त्यावर मांडी घातली.

"आत्या, गादीवर बस ना वं," अंकित म्हणाला.

"बसू दे पाहुण्यायले. मले हेच बरं. सवय झाली."

मयुरा तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. "आत्याबाई, तुमचीच गादी आहे ही."

"मही काहून? मही तं वाळवीनं खाल्ली."

वामनराव उगाच खोकला. मयुराच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सिंधूताईनंच तिच्या हातातली प्रसादाची वाटी घेतली आणि म्हणाली, "शिरा चांगला झाला वं. रडून खारा नको करू."

निघताना तिनं वाकून माझ्यावर हात ठेवला. मधला एक टाका सैल झाला होता. तिचं बोट नेमकं तिथं गेलं. तिनं तो जरा दाबला, रुई चाचपली. "ऊन दाखवत जा हिले," एवढंच बोलली. चटई ती उचलेना, म्हणून गुंजननं आठवण केली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "घरी कोणी पाहुणा आला तं कामी पडंल."

तेव्हापासून ती चटई माझ्या शेजारी कोपऱ्यात उभी आहे. मयुरानं ती माळ्यावर टाकली नाही, कोणाला दिलीही नाही. मी इतकी तोंडाळ, स्पंजच्या गाद्यांना येता-जाता टोमणे मारणारी. पण त्या ठेल्यावरच्या चटईपुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. माझं काम तिनं केलं. गावची माणसं आता धंतोलीत भाड्यानं खोली घेतात. आमच्याकडं फोन येत नाही. मी रोज अंथरलेली असते, आणि रोज रिकामी असते.

मित्रांनो, कर्ज लवकर फेडा, चांगलंच आहे. पण घरात एक गादी खाली अंथरलेली राहू द्या. आमच्या रुईला ऊन लागतं, तशी माणसाची पाठही लागते. नाहीतर आत गोळे होतात आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत.

पुढच्या महिन्यात वामनरावाची तपासणी आहे. अंकितनं फोन करून मुक्कामाचं विचारलं. सिंधूताई म्हणाली, "पाहू." मयुरा म्हणत होती, तो सैल टाका पिंजाऱ्याकडून घालून घेऊ. अंकित नको म्हणाला, हिचे टाके आत्याचेच. त्यानं लांब सुई आणि जाड दोरा आणून माझ्या उशाशी ठेवला आहे.