मोहाच्या वळणावरचा लाल दिवा

मित्रांनो, धसईच्या बाजारात भाजीवाल्यांच्या पलीकडे एक हिरवी जीप उभी असते. रंगाचे पोपडे निघालेले, पुढच्या एका दिव्याची काच तडकलेली. ती जुनी जीप म्हणजे मी. जवळ या, घाबरू नका. गावातले काही लोक मला अजून घाबरतात. का, ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगाला नव्या रंगाचा वास होता. वाल्मिकने मला दारात आणलं, तशी त्याच्या बायकोने, गिरजाने, माझ्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि माहेरच्या ओट्यावर बसावं तशी ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्या दिवसापासून धसई ते मुरबाड ही माझी वाट झाली. तांदळाची पोती, वांग्यांच्या पाट्या, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, तापाने फणफणलेली पोरं, सगळं मी वाहिलं. वाल्मिक रोज सकाळी बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढायचा, पुसून पुन्हा बुडवायचा आणि तेलाचा थेंब बोटांत चोळून बघायचा. गिरजा हसली की म्हणायचा, "तू उपाशी राहिलीस तर बोलशील. ही कुठं बोलतंय?"

पण मी बोलू शकत होते. माझ्याकडे एक लाल दिवा होता. इंजिनात तेलाचा दाब पडला की तो पेटतो. वाल्मिकच्या हयातीत तो चालत्या गाडीत कधी पेटला नाही.

नदीवरचा पूल ओलांडला की चढ लागतो. चढ संपतो तिथे वळण आहे आणि वळणावर मोहाचं झाड. थंडीतल्या एका दुपारी आम्ही तिथे पोहोचलो. गाडीत मागे आमच्या गावची यमू म्हातारी एकटीच होती. वाल्मिकने छातीवर हात दाबला. मला हळूच कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला, चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. यमू हाका मारत राहिली. माझं इंजिन अजून गरम होतं आणि त्याचे हात गार पडत चालले होते.

त्यानंतर मी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी वाल्मिकचा धाकटा भाऊ रविंद्र आसनगावच्या गोदामातली नोकरी सोडून घरी आला आणि त्याने मला पुन्हा रस्त्यावर काढलं. माणूस मायाळू, पण घाईचा. बॉनेट त्याने कधी उघडलं नाही.

एके दिवशी चढ चढून मोहाच्या वळणावर त्याने पाय उचलला, इंजिन मंदावलं आणि माझा लाल दिवा लुकलुकला. पुन्हा वेग घेताच विझला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही त्याच जागी.

यमू म्हातारीने ते पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. "वाल्मिक डोला मिचकावतंय गो," ती कुजबुजली. "त्याचा जीव नाय सुटला इथून."

बाजारभर बोभाटा झाला. लोक मला सोडून दुसऱ्या गाड्यांत दाटीवाटीने बसू लागले. गिरजा मात्र बाजाराच्या दिवशी पुढच्या सीटवर येऊन बसायची. वळण आलं की पदर सावरायची आणि दिव्याकडे बघत राहायची. तो लुकलुकला की तिचे ओठ हलायचे. काय बोलायची, ते इंजिनाच्या आवाजात मलाही कळलं नाही.

मग रविंद्रने माझी एक वायर ओढून काढली. त्या आठवड्यात वळण आलं, गेलं. दिवा पेटला नाही.

"भाऊजी, दिवा कुठं गेला?" गिरजाने विचारलं.

"वायर काढली, वैनी. लोक भितात."

"लोक भितात म्हून तू त्याचं तोंड बांधलंस?" तिने विझलेल्या दिव्यावर बोट ठेवलं. "आधी तो काय सांगतंय ते तरी बघ."

रविंद्र खाली मान घालून मला मुरबाडला नवसू मिस्त्रीकडे घेऊन गेला. गिरजाही आली. नवसूने आधी तेल पाहिलं. कमी होतं आणि डांबरासारखं काळं. नवं तेल भरून त्याने वायर जोडली. इंजिन तापताच दिवा लुकलुकला. वायर कुठे घासली आहे का ते चाचपलं. मग तेलाचा दाब ओळखून दिवा पेटवणारं बटण बदललं, कारण बटण बिघडलं की दिवा खोटंही बोलतो. तरी दिवा लुकलुकलाच. शेवटी मला थंड होऊ दिलं, बटणाच्या जागी दाब दाखवणारं काट्याचं मीटर लावलं आणि पुन्हा गरम केलं. थंड असताना ताठ उभा असलेला काटा हळूहळू खाली झुकला.

"दिवा खरं बोलतंय," नवसू म्हणाला. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडलं, तर तेल ओढणारी जाळी गाळाने बुजली होती, बेअरिंग झिजली होती. "गरम झाल्यावर तेल पातळ होतं, चढ संपून इंजिन मंदावलं की दाब पडतो. अजून थोडे दिवस चालवली असती तर उतारावर भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं असतं."

"म्हंजे तो वाल्मिक नव्हता?" गिरजाने विचारलं.

नवसूने हात पुसले. "वैनी, मला तेलाचं कळतं. त्याच्यापुढचं नाय कळत."

दुरुस्त होऊन आम्ही परत निघालो. वळणावर रविंद्रने मुद्दाम मला मंद चालवलं, मग थांबवलं. इंजिन शांत धडधडत होतं. दिवा काळा. गिरजा किती वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ती रडली. वाल्मिक गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं.

"जाऊ या, वैनी?"

"चल," ती म्हणाली. "आता त्याला त्रास नको."

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना एखादाच दिवा असतो. तो लुकलुकला तर त्याची वायर तोडू नका. बॉनेट उघडा, तेल बघा. आणि घरातलं कुणी गप्प गप्प काही सांगू पाहत असेल, तर त्यालाही विचारा.

मी आता ठणठणीत आहे. लोक पुन्हा बसतात, यमूही बसते. पण मोहाच्या वळणावर रोज क्षणभर माझ्या स्टिअरिंगवर एक गार हात टेकतो. तो रविंद्रचा नसतो. हे गिरजाला सांगावं, तर त्यासाठी माझ्याकडे दुसरा दिवा नाही.