चौथ्या फर्म्यातलं मरण

"मास्तर, तुम्ही चौथ्या फर्म्यात मेलात हो!"

मावशी घडीच्या टेबलाशी उभी राहून डोळे पुसत होती. पुस्तकाच्या शिलाईवर वाकलेल्या मास्तरांनी मानही वर केली नाही. मावशीचं हे नेहमीचंच होतं. मास्तरांच्या बायकोची नवी कादंबरी छापून आली की ती घड्या घालता घालता वाचायची आणि वाचता वाचता रडायची. कागदावर टिपं पडू नयेत म्हणून मास्तरांनी तिला एक जुनं फडकंच देऊन ठेवलं होतं.

"कोण मेलं?"

"तुम्ही. नाव दुसरं आहे, पण तुम्हीच ते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोटांना खळ, आणि काहीही विचारलं की 'हं'. दुसरं कोण असणार?"

"हं," मास्तर म्हणाले.

"बघा!"

खाली छापखाना आणि वर बाइंडिंग, अशी ती जागा. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापली जातात, त्या कागदाला म्हणायचं फर्मा. फर्मे वर येतात ते क्रमाने येतातच असं नाही. ज्याची प्लेट आधी तयार होईल तो आधी. आज सकाळी चौथा आला होता. पहिले दोन अजून छापायचे होते आणि तिसऱ्याची शाई वाळत होती. वर त्याला काही फरक पडत नसे. बाइंडरने पानाचा आकडा वाचावा, मजकूर वाचला की काम रखडतं, असं मास्तरांचं म्हणणं. त्यामुळे बायकोची झाडून सगळी पुस्तकं त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली होती आणि एकही वाचलं नव्हतं.

तिची पुस्तकं मात्र लोक हातोहात नेत. कुणी मोडून पडलेलं माणूस एखाद्या पुस्तकांच्या दुकानात शिरतं, रुसून गेलेली बहीण घरी परत येते, शेवटी सगळ्यांचं भलं होतं. वाचून माझा ताप उतरला, असं एका वाचकाने तिला सांगितलं होतं. ते कळल्यावर मास्तर म्हणाले होते, "मग औषधांच्या दुकानात ठेवा म्हणावं." त्यांच्या तोंडून निघालेलं बहुधा तेच सगळ्यात लांब वाक्य.

पण मेल्याची बातमी कानावर आल्यावर कोण स्वस्थ बसेल? मावशी पाणी प्यायला गेल्याचं बघून मास्तरांनी एक कागद हळूच ओढला.

'ते गेले आणि घरातला खळीचा वास गेला. ज्या वासाला मी जन्मभर नाकं मुरडली, तो आता उशीत नाक खुपसून शोधते. त्यांच्या हुंकाराचे अर्थ फक्त मला कळत. आता ते मी कुणाला सांगू?'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी टेबल धरलं. जिता-जागता माणूस, सकाळी दोन वेळा चहा पिऊन घराबाहेर पडलेला, आणि इकडे बायकोने त्याला छापून मारून टाकलेलं! पुढच्या पानावर तर कहर होता. विधवा झालेली ही बाई एका पुस्तकांच्या दुकानात जाते, आणि तिथला दुकानदार तिच्याशी तासन्‌तास गोड गोड बोलतो.

"हा कोण टिकोजी?" मास्तर ओरडले.

मावशी धावत आली. मास्तरांचा एवढा मोठा आवाज तिने आजवर ऐकलाच नव्हता.

"अहो, नुसता चहा पितात दोघं!"

"माझ्या मागे चहा पिते?"

"तुमच्या मागेच ना. तुम्ही असताना नाही."

त्या दिवशी मास्तरांची शिलाई पहिल्यांदा वाकडी गेली. त्यांनी ती उसवली, पुन्हा घातली, तर पुन्हा वाकडी. संसारात आपण काय कमी केलं, याचा ते हिशेब लावत होते. दारू नाही, हात उगारणं नाही, पगार आणून तिच्या हातात. आणि तिला आपल्याशिवायचं घर सुचतं? सुचतं तर सुचतं, ते ती चारचौघांसाठी छापते? मावशीने डबा उघडून पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिसरा फर्मा वर आला.

आता लाज सोडून मास्तर उघड उघड वाचायला बसले. आपण कशाने मेलो ते तरी कळू दे! नवऱ्याच्या काखेत गाठ येते. डावा हात खांद्याच्या वर जाईनासा होतो. तो हे कुणाला सांगत नाही. चष्म्याचा नंबर तपासायला जातो असं सांगून एकटाच दवाखान्यात जातो. सुई टोचल्यावर दंड काळानिळा पडतो, तेव्हा दार लागलं म्हणतो. डॉक्टर म्हणतात, उपचार लगेच सुरू करू, आता केले तर गुण येईल. तो म्हणतो, हातातलं काम संपू दे, मग बघू. कामाच्या नादात वेळ निघून जाते. आणि मग चौथा फर्मा येतो.

मास्तरांनी आपली काख चाचपली. तिथे काही नव्हतं. त्यांनी डावा हात वर केला, तो सरळ छताकडे गेला.

तो हात वर असतानाच त्यांना आठवलं. फळीवरचा डबा काढून द्या, असं बायको हल्ली रोज म्हणते. चष्म्याचा नंबर तपासायला ती दोनदा गेली, आणि चष्मा तोच आहे. तिच्या दंडावर डाग दिसला होता. "दार लागलं," ती म्हणाली होती. आणि आपण म्हणालो होतो, "हं."

"मास्तर, काय झालं? हात खाली घ्या ना," मावशी घाबरून म्हणाली. "अहो, गोष्ट आहे ती!"

"मावशी," मास्तर म्हणाले, "उलटं वाचलं हो मी. आधी चौथा वाचला."

अंगावरचा खळीचा एप्रन न काढताच ते जिना उतरले.

घरी बायको खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. उजव्या हाताने घालायची आणि डाव्याने नुसतं दाबून धरायची. नवऱ्याला भरदुपारी दारात बघून ती दचकली.

"अहो, काय झालं? बरं नाही का?"

"मला काय होणार? मी मेलोय."

तिचा हात थांबला. तिने घडी बाजूला ठेवली.

"तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?"

"आजपासून. गाठ दाखव."

"अहो, दार तरी लावा."

त्यांनी दार लावलं. तिने त्यांचा हात धरून आपल्या काखेत नेला. कागदाच्या ढिगाऱ्यात एक दुमडलेलं पान असलं तरी ज्या बोटांना कळायचं, त्या बोटांना ती गाठ लगेच लागली. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही 'हं' म्हटलं असतं तर मी कोसळले असते." ती थोडं हसली, मग हसू ओसरलं. "लिहायला बसले तेव्हा दोघांतलं एक जाणार हे ठरलेलं होतं. मला माझं लिहवेना हो. म्हणून तुम्हाला पाठवलं."

"आणि तो दुकानदार?"

"तेही तुम्हीच. बोलणारे."

मास्तर रडू लागले. लहान मुलासारखं तोंड वाकडं करून, आवाज न लपवता रडले. तिला काय करावं कळेना. इतक्या वर्षांत हे तिने कधी पाहिलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकातही घातलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी एप्रनने नाक पुसलं.

"लगेच सुरू करा म्हणाले. पण पुस्तक एकदा हातात येऊ दे, मग—"

"येणार नाही."

"म्हणजे?"

"मी बांधणार नाही. तुझे उपचार सुरू झाल्याशिवाय एकही प्रत बांधणार नाही. मालकांना काय सांगायचं ते सांगेन. फर्मे पडून राहतील, उंदीर खातील, खाऊ देत. लोकांचे ताप उतरवतेस आणि स्वतःचं पुस्तक उघड्या डोळ्यांनी खरं करायला निघालीस? अक्कल आहे का काही? मी एकटा चहा कसा करू, साखर कुठे असते तेही मला माहीत नाही, आणि तुझ्या कुठल्या म्हणण्याचा अर्थ काय ते मी कुणाला... कुणाला विचारू मी?"

त्यांना धाप लागली. ती त्यांच्याकडे बघतच राहिली होती.

"आज जाऊ," ते म्हणाले. "आत्ता."

"साडी तरी बदलू द्या," ती हळूच म्हणाली आणि उठली.

ती आत गेली. मास्तर दाराशी आले. कोपऱ्यात तिच्या चपला पडल्या होत्या, एक उलटी, एक सुलटी. मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांनी दोन्ही सरळ केल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवली आणि पट्टे उघडून ठेवले. ती बाहेर आली तरी ते उठले नाहीत. तिने पाय पुढे केला. खळीने पांढऱ्या झालेल्या बोटांतून बक्कल दोनदा निसटलं, मग लागलं.