एका खात्यातली गाणी

शोभनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला फार मोठं कारण लागत नसे. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, मलबारी दुकानदाराने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, तरी ती घरी येऊन तिचं एकेक पान उलटून बघायची. फुकट देतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हा तिचा सिद्धांत. अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर संसार थाटून तिला इतकी वर्षं झाली, पण नाशिकहून आणलेला हा स्वभाव वाळवंटातही वाळला नाही.

या वेळी मात्र कारण होतं, आणि ते तिच्या स्वयंपाकघरातच वाजत होतं. किंवा खरं सांगायचं तर वाजता वाजता बंद पडत होतं.

घरात गाण्यांचं खातं एकच. नवरा उल्हास, मुलगी मैथिली आणि शोभना असे तिघं त्याच खात्यावर ऐकायचे. तेल कंपनीच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे उल्हास इंजिनिअर होता, पगार बरा होता, पण तिघांसाठी वेगळी खाती घ्यायची म्हटलं की तो दिरहमचे रुपये करून दाखवायचा आणि विषय खलास व्हायचा. एका खात्याची गंमत अशी, की एका वेळी एकालाच ऐकता येतं. दुसऱ्याने दुसरीकडे काही लावलं की पहिल्याचं बंद.

सकाळी सात वाजून गेले की उल्हास मैथिलीला घेऊन निघायचा. तिला शाळेत सोडून तसाच पुढे शहरात ऑफिसला. मग शोभना कणीक मळायला घ्यायची. ती मराठी मंडळातल्या लोकांना पुरणपोळ्या, करंज्या करून द्यायची आणि काम करताना तिला अभंग लागायचे. त्याशिवाय तिची पोळी फुगत नसे. तर गेले काही दिवस आठ वाजण्याच्या सुमाराला अभंग अंतऱ्यावर आला, की गपकन थांबायचा. पिठाचे हात पुसून बघावं तर फोनवर लिहिलेलं असायचं, ‘उल्हासच्या फोनवर सुरू आहे’. आणि खाली नाव, ट्यूसडे अंब्रेलाज.

मंगळवारच्या छत्र्या! हे काय नाव झालं? शोधलं तेव्हा कळलं, इंग्लंडातल्या कुठल्याशा पावसाळी गावातला हा बँड. चार पोरं, एक पोरगी, हातात गिटारी आणि अंगात ढगळ स्वेटर.

आता उल्हासला ती वीस वर्षं ओळखत होती. हा माणूस नाट्यगीतांपलीकडे गेला नव्हता. लग्नाआधी भेटायला आला, तेव्हासुद्धा हॉटेलात बसून त्याने तिला तानेचं महत्त्व समजावलं होतं. त्याच्या फोनवर इंग्रजी पोरांची गाणी? मैथिली ऐकत असेल म्हणावं, तर तिच्या शाळेत फोनला बंदी. तिचा फोन रोज सकाळी घरीच, चार्जरला. शिवाय आठ वाजता ती वर्गात असणार. म्हणजे गाडीत उल्हास एकटा. की एकटा नाही?

दुसरी एखादी बाई सरळ नवऱ्याला विचारून मोकळी झाली असती. शोभना विचारणाऱ्यांतली नव्हती, ती पुरावे गोळा करणाऱ्यांतली होती. रात्रीच्या जेवणाला तिने आमटी वाढता वाढता सहज म्हटलं, “गाडीत काय ऐकतोस रे हल्ली?”

“मी? बातम्या,” उल्हास म्हणाला, आणि त्याने मैथिलीकडे बघितलं. मैथिली ताटात बघत होती.

“भात घे गं अजून.”

“आई, प्लीज. आय’म डन,” म्हणून मैथिली उठली. पोरगी हल्ली जेवत नव्हती, हेही शोभनाने पाहिलं होतं. पण संशय एका वेळी एकाच दिशेला धावतो. तिचा धावत होता उल्हासच्या मागे.

दुसऱ्या दिवशी तिने त्या बँडची सगळी रेकॉर्डेड गाणी ऐकायला घेतली. पहिला अल्बम, दुसरा अल्बम, अधलीमधली सुटी गाणी. गाणारा पोरगा सर्दी झाल्यासारखा गायचा, ती पोरगी मागून नुसतं ‘ऊ ऊ’ करायची. शब्द कळेनात म्हणून शोभनाने ते छापील वाचले, आणि तिला घाम फुटला. एका गाण्याचं नाव, ‘शी नीडन्ट नो जस्ट येट’. म्हणजे तिला एवढ्यात कळायला नको! ही ‘ती’ कोण, हे सांगायला का ज्योतिषी हवा? दुसरं गाणं होतं, ‘की अंडर द मिंट पॉट’. पुदिन्याच्या कुंडीखाली किल्ली ठेवली आहे, तू ये, असा एकूण आशय. शोभनाने गच्चीत जाऊन आपली पुदिन्याची कुंडी उचलून बघितली. खाली फक्त ओल होती, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही.

आणि तिसरं, ‘स्लो केटल’. त्यात काहीच घडत नव्हतं. किटलीतलं पाणी हळूहळू तापतंय, घाई नाही, कुणी तुला काही विचारणार नाही, एवढंच तो पोरगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. खात्यावर सगळ्यात जास्त वेळा तेच वाजलेलं दिसत होतं. शोभनाला त्याचाच सर्वांत जास्त राग आला.

मग रोज सकाळी युद्ध सुरू झालं. तिकडे किटली लागली की इकडे शोभना अंगठा दाबून अभंग लावायची. तिकडचं बंद! मिनिटाभरात पुन्हा किटली. पुन्हा अंगठा. कुणाला गाणी ऐकवतोस ना गाडीत, ऐकव आता, असं म्हणत ती पोळपाटावर लाटणं आपटायची. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं, मग पोळी करपायची.

बाईसुद्धा तिने नक्की करून टाकली होती. उल्हासच्या ऑफिसात शुभ्रा नावाची एक मुलगी नव्याने आली होती, लंडनला शिकलेली. गणपतीत मंडळात भेटली तेव्हा आरतीला टाळ्या वाजवत होती, पण शब्द येत नव्हते. लंडन, इंग्रजी गाणी, तरुण वय. हातच्या काकणाला आरसा कशाला?

शोभनाने तिला फोन लावला. करंज्यांची ऑर्डर हवी का, हे निमित्त.

“शोभनाताई! हो, चालेल ना, वीकेंडला द्या,” शुभ्रा म्हणाली. “आता बरं आहे ना तुम्हाला?”

“मला काय झालंय?”

“अहो, उल्हाससर रोज लेट येतात ना ऑफिसला. बॉसना म्हणाले, घरी मिसेसना बरं नसतं सकाळचं. आम्ही सगळे काळजीत होतो.”

शोभनाने काहीतरी बोलून फोन ठेवला. ती चांगली ठणठणीत होती. तिच्या नावावर आजारपण काढून नवरा रोज सकाळी कुठेतरी वेळ काढत होता, आणि शुभ्रा तर ऑफिसात वेळेवर हजर होती. म्हणजे बाई तिसरीच! त्या दिवशी तिने अभंगही लावला नाही. खुर्चीत बसून तिने विचार केला, हे खरं निघालं तर मैथिलीला घेऊन आपण नाशिकला जायचं, आणि तो विचार करताना तिला रडू आलं.

पुढच्या दिवशी बापलेक खाली उतरले तेव्हा कोपऱ्याआड टॅक्सी उभी होती. शोभना ओढणी डोक्यावरून घेऊन, काळा गॉगल लावून मागे बसली. ड्रायव्हर रेहान नावाचा पेशावरचा पोरगा होता.

“भैया, वो सफेद गाडी के पीछे. लेकिन दूर से.”

“पुलीस का मामला है, बाजी?”

“शौहर का.”

“अच्छा,” रेहान गंभीरपणे म्हणाला. “यल्ला, चलो.” त्याने आरशातून पुन्हा मागे बघितलं नाही.

सफेद गाडी शाळेत शिरली. पार्किंगच्या शेडखाली उभी राहिली. टॅक्सी मेंदीच्या कुंपणाअलीकडे थांबली. इथे आता मैथिली उतरणार, मग तो निघणार, मग आपण मागे. शोभनाने मनाशी सगळं योजून ठेवलं होतं.

पण मैथिली उतरेना. शाळेची घंटा झाली, बसमधली पोरं आत गेली, गेटवरचा माणूससुद्धा सावलीत जाऊन उभा राहिला. गाडीचं दार बंदच. पुढच्या सीटवर मैथिलीचं डोकं दिसत होतं, शेजारी उल्हासचं.

शोभनाने फोन काढला. ‘उल्हासच्या फोनवर सुरू आहे’. किटली.

म्हणजे हा पोरीलाही सामील करून घेतोय! त्या बाईची गाणी माझ्या पोरीला ऐकवतोय, तिची सवय करतोय! शोभनाच्या डोक्यात सणक गेली. तिने दात ओठ खात अंगठा दाबला, आणि टॅक्सीत टाळमृदंग एवढ्या जोरात घुमले की रेहान दचकून “या अल्ला” म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या गाडीतलं मैथिलीचं डोकं खाली गेलं.

नुसतं वाकलं नाही, कोसळलं. कपाळ पुढच्या डॅशबोर्डला टेकलं आणि पाठ वरखाली व्हायला लागली, धावून आलेल्या माणसाची होते तशी. उल्हास एका हाताने तिची पाठ चोळत होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोटं मारत होता. शोभनाच्या हातातला अभंग गपकन थांबला. पडद्यावर किटली आली. समोरची पाठ आणखी थोडा वेळ तशीच हलत राहिली. मग हळू झाली. मग मैथिलीने डोकं सीटला टेकवलं.

शोभना फोनकडे बघायची आणि गाडीकडे बघायची. तिच्या हाताला अजून कालच्या पुरणाचा वास होता. याच हाताने रोज सकाळी, पोळपाटाशी उभं राहून, तिने हेच केलं होतं. आणि वर बरं वाटून घेतलं होतं.

गाणं संपलं, आणखी एक झालं. मग मैथिली उतरली, दप्तर खांद्याला लावलं आणि खाली मान घालून गेटातून आत गेली. शोभना टॅक्सीतून उतरली आणि तिने उल्हासच्या काचेवर टकटक केलं. तिला बघून त्याचा चेहरा असा झाला, की चोरी पकडली गेली म्हणावं तर तसा नव्हता, उलट सुटल्यासारखाच होता.

ती त्याच्या शेजारी, मैथिलीच्या जागी जाऊन बसली. सीट अजून गरम होती.

“वर्गात बोलायला उभी राहिली,” उल्हास म्हणाला, “आणि आवाजच फुटेना. पोरींनी चोरून आणलेल्या फोनवर व्हिडिओ काढला, सगळीकडे पाठवला. तेव्हापासून गेट दिसलं की तिला श्वास घेता येत नाही. शाळेतल्या कौन्सेलर म्हणाल्या, जबरदस्ती नको, शांत होईपर्यंत गाडीत बसू द्या. ती गाणी लागली की होते शांत. ते किटलीचं तर हवंच.”

“मला का नाही सांगितलं?”

उल्हासने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली.

“सांग. मी तिची आई आहे ना?”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं तर ती रोज विचारेल. कुणी काढला, कुणी पाठवला, त्यांच्या आया कोण. शोभना, गेल्या वर्षी तिची रंगपेटी हरवली तर तू पेरेंट्सच्या ग्रुपवर अख्ख्या वर्गाची उलटतपासणी घेतलीस. पुढे महिनाभर तिच्याशी कुणी बोललं नाही. म्हणाली, बाबा, आय कान्ट ब्रीद अँड आन्सर क्वेश्चन्स.”

शोभनाने डोळ्यांवरचा काळा गॉगल काढला.

“त्यात इथे रेंज धड नाही,” उल्हास फोनकडे बघत म्हणाला. “रोज ऐन वेळी गाणं तुटतं. आणि मग तिला पुन्हा पहिल्यापासून...”

“रेंज जात नाही, उल्हास. मी बंद करते.”

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तो रागावला असता तर शोभनाला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही. “मी फोनकडे कधी नीट बघितलंच नाही गं,” एवढंच म्हणाला. “मी तिच्याकडे बघत होतो.”

घरी जाताना उल्हास म्हणाला की आपण आता वेगळं खातं घेऊ. शोभना नको म्हणाली. वेगळं खातं घेतलं तरी मैथिली काय ऐकते, किती वेळा ऐकते, हे चोरून बघायचा मोह आपल्याला सुटणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. तिने स्वयंपाकघरात उभं राहून गाण्यांचं ते ॲप फोनमधून काढून टाकलं. फोनने विचारलं, खरंच काढू? तिने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोळ्या लाटताना अभंग स्वतःच म्हटला. आवाज चिरका होता आणि दुसरं कडवं येत नव्हतं, म्हणून तिने पहिलंच पुन्हा पुन्हा म्हटलं. आठ वाजले तेव्हा ती लाटणं धरून नुसती उभी राहिली, आणि मनात म्हणाली, तापू दे बाई हळूहळू, घाई नाही.

दुपारी मैथिली शाळेतून आली. दप्तर टाकून ओट्याशी येऊन उभी राहिली आणि पाणी प्यायली.

“बाबा सेज द नेट इज फिक्स्ड,” ती उगाचच म्हणाली. “इट डिडन्ट स्टॉप टुडे.”

आज श्वास लागला का? वर्गात कुणी काही म्हटलं? तो व्हिडिओ काढला कुणी? प्रश्नांची रांग शोभनाच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बारीक केला.

“हो का? बरं झालं,” ती म्हणाली.

मैथिली थांबली. तिने आईकडे जरा निरखून बघितलं. संशयाने बघितलं म्हटलं तरी चालेल. पोरगी शेवटी शोभनाचीच होती.

“यू आर नॉट गोइंग टु आस्क मी?”

“नाही,” शोभना पाठमोरीच म्हणाली, कारण तिचे डोळे भरले होते.

भांड्यातलं पाणी अजून तापायचं होतं. मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि मैथिली बसली.

“आई,” ती मराठीत म्हणाली, “एक सांगायचंय.”