पांढऱ्या रविवारच्या आधी

पुस्तक वेळेत संपलं तर लोसाला काय मिळणार, याचा हिशेब बेटावरच्या सालेपुआ गावात ज्याने त्याने आपापल्या परीने मांडून ठेवला होता. बसवाला इओसेफो म्हणे, ऑकलंडला दुमजली घर. पाद्रीणबाईंच्या मते राणीच्या हातून पदक. दुकानदारीण म्हणे, नवरा. शिकलेली बाई एवढा कागद काळा करते ती आणखी कशासाठी? खुद्द लोसाचा हिशेब फार किरकोळ होता. प्रकाशकाकडून यायचा राहिलेला निम्मा मोबदला, त्यातून तुंबलेलं घरभाडं, आणि उरलंच काही तर दातांच्या डॉक्टरकडे एक खेप. खरी कमाई या आकड्यांत धरलेली नव्हती. तिचं पहिलं पुस्तक येऊन बारा वर्षं झाली होती. ऑकलंडात ओळख करून देताना लोक आता "या पूर्वी लिहायच्या" असं म्हणू लागले होते, आणि चाळिशीला टेकलेल्या बाईला आपण जिवंतपणी भूतकाळात गेलेलं सोसत नाही.

प्रकाशनाच्या ब्रॉनविनबाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्या पत्रात त्यांनी गोड शब्दांत कळवलं की बारा ऑक्टोबरला बाड टेबलावर आलं नाही, तर यंदाची जागा एका पक्षीनिरीक्षकाला जाईल आणि करार संपला असं समजावं. पक्षीनिरीक्षक वेळेचे पक्के आहेत, असंही त्यांनी खाली जोडलं होतं.

लोसा जूनमध्येच सिएनीमावशीकडे येऊन राहिली होती. पुस्तक होतं मावशी आणि मावशीची धाकटी बहीण इलाइसा, म्हणजे लोसाची आई, या दोघींच्या लहानपणावर. इलाइसा दोन वर्षांपूर्वी ऑकलंडात वारली. त्या काळाची साक्ष द्यायला मावशी एकटीच उरली. गावात एकच दुकान असलं की भाव दुकानदार ठरवतो. मावशीही गोष्ट फुकट सोडत नसे. केसांना खोबरेल चोळून विंचरून दिले की एक गोष्ट. टाचा दगडाने घासून दिल्या की दुसरी. आणि बायबलातली अमक्याचा मुलगा तमका अशी वंशावळ न अडखळता वाचून दाखवली, तर मोठी: आजोबा प्रार्थना चुकवून डुकरांच्या खुराड्यात झोपले होते ती.

माल मात्र अस्सल होता. दोघी बहिणी एका चटईवर झोपत आणि मधोमध नारळाचा हीर ठेवून हद्द आखत. सकाळी हीर कुणाच्या अंगाखाली सापडतो त्यावरून चुलीची राख कुणी काढायची ते ठरे. खोबरं न्यायला होडी आली की तिच्या वासानेच गाव अर्धं जागं होई. इलाइसाला चर्चमध्ये हसू फुटे आणि चिमटा सिएनीला बसे, कारण ती थोरली. लोसा हे टाइप करी आणि तिला ऑकलंडातलं आपलं स्वयंपाकघर दिसे: हिवाळ्यातला रविवार, खिडक्या बंद, आई गॅसच्या भट्टीत तारोचे कंद भाजते आहे आणि धुराने डोळे झोंबले म्हणून पुसते आहे. गॅसला धूर नसतो हे लोसाला तेव्हाही ठाऊक होतं. लहान मुलं काही गोष्टी ठाऊक असून विचारत नाहीत.

लिहायचं कुठे, हा मात्र प्रश्नच. भिंतींना कान असतात म्हणतात; मावशीच्या घराला भिंतीच नव्हत्या, त्यामुळे कानांची वाट मोकळी. गोल चौथरा, भोवती खांब, वर छप्पर. टाइपरायटर वाजला की येणारा-जाणारा थांबून विचारी, "लोसाताई, आज कुठवर आलं?" आणि उत्तराची वाट न बघता चौथऱ्यावर टेकी. जुलैत वाऱ्याने अख्खं प्रकरण उचलून पाण्यावर पसरलं; पोरांनी पोहून पानं आणली, पण शाई माशांनी ठेवून घेतली. ऑगस्टमध्ये मावशीच्या चुलत दिराचं निधन झालं, आणि मयतीच्या घरी "मला काम आहे" म्हणण्याची सोय या बेटावर कुणालाच नाही. लोसाने तो सगळा वेळ पाहुण्यांना चहा पोचवण्यात घालवला. सप्टेंबरात टाइपरायटरची फीत सुकली. नवी आणायला इओसेफो बंदरावर गेला, तो फीत विसरला आणि मेहुण्याला घेऊन आला.

हे सगळं सोसून लोसा शेवटच्या प्रकरणापाशी पोचली, आणि तोंडावर पांढरा रविवार आला.

हा रविवार पोरांचा. वर्षभर मोठ्यांच्या मागून जेवणारी पोरं त्या दिवशी आधी जेवतात, आईबाप वाढतात. पण त्याआधी पांढरेशुभ्र कपडे घालून प्रत्येक पोराने भर चर्चमध्ये काहीतरी म्हणून दाखवायचं, घराघराने बायबलातला एखादा प्रवेश करायचा. ज्याचं पोर अडखळलं त्याच्या घराण्याची वर्षभर शोभा. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेखक हवा असतो, आणि या वर्षी तर गावात लेखिका राहायलाच आली होती.

पहिला इओसेफो आला, दोन पोरांना बखोटीला धरून. "ताई, काईन आणि हाबेल द्या. पण धाकटा मरायला तयार नाही."

"मग थोरल्याला मारा."

"थोरला कसा मरेल? तो माझ्यासारखा दिसतो."

त्याच्या मागून दुकानदारीण आली. तिला नोहाचं तारू हवं होतं, आणि सातही नाती तारवात बसायला हवी होती. "एकीला जरी बाहेर ठेवलंत तरी सून माझ्याशी बोलायची नाही. नोहाला लेकी किती ते तुम्ही बघा." मग आणखी घरं. लोसा नाही म्हणू शकत नव्हती; तिची हरवलेली पानं याच पोरांनी पोहून आणली होती. दुपार संपली की टाइपरायटरवर नोहाचा कागद असे आणि आईचं प्रकरण दगडाखाली.

त्यात ते प्रकरणही अडलेलं. इलाइसा बेट सोडून गेली तो दिवस मावशी देत नव्हती. केस विंचरले, टाचा घासल्या, वंशावळी दोनदा वाचल्या. त्या दिवसाचं नाव काढलं की मावशी म्हणे, "आज डोकं चालत नाही. उद्या." लोसाकडे आईने सांगितलेलं होतं: होडी आली आणि मी हसत हसत धावत जाऊन बसले. एवढ्यावर प्रकरण लिहून झालंही होतं; पण ते वाचताना लोसालाच पटत नव्हतं, मग ब्रॉनविनबाईंना काय पटणार?

पत्रात तारीख बाराची होती, पण खरी मुदत शनिवारी सूर्य मावळताना संपत होती. रविवारी गावात कुणी नारळ सोलला तरी पंच दंड करतात. टाइपरायटर वाजवला असता तर तो लोसासकट समुद्रात गेला असता. आणि सोमवारी पहाटेची बोट चुकली तर विमान चुकलं.

गुरुवारी दुपारी पाद्रीणबाई आल्या. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी गोड होतं. असलं पान रिकाम्या हेतूने येत नाही.

"लोसाताई, तुमचे उपकार कसे फेडायचे? रविवारच्या शाळेतल्या सगळ्या वर्गांसाठी लिहून देताय म्हणे."

"सगळ्या वर्गांसाठी? हे कोणी सांगितलं?"

"सिएनीबाईंनी. मी म्हटलं, त्यांचं पुस्तक आहे ना? तर त्या म्हणाल्या, छे, ते केव्हाच झालंय, पोरीला वेळ जाता जात नाही, जरा कामाला लावा. इओसेफोलाही त्यांनीच पाठवलं होतं. फितीचंही त्यांनीच सांगितलं त्याला, की काही घाई नाही म्हणून."

पाद्रीणबाई पुढेही बरंच बोलल्या. लोसाने पान घेतलं, आभार मानले, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत हसरा चेहरा धरून ठेवला.

मावशी मागच्या अंगणात खवणीवर बसून नारळ खवत होती. लोसा समोर उकिडवी बसली.

"पुस्तक झालंय म्हणे माझं."

मावशीचा हात थांबला नाही. "पाद्रीणबाईंच्या तोंडात तीळसुद्धा भिजत नाही."

"का केलंस गं? तुझ्याच तर पोरपणाचं पुस्तक आहे. ते लोक करार मोडतील. परत कोणी विचारायचं नाही मला."

"मोडू देत. इथे काय उपाशी मरतेस? शाळेत मास्तरीण हवीच आहे. नीरफणस दारात लागलेत."

"मावशी."

"माझे केस कोण विंचरतं गं पोरी? तू यायच्या चार वर्षं आधी मी ते कापून टाकले होते. गावाला सांगितलं, उवा झाल्या." तिने वाटी उपडी करून खोबरं झटकलं. "तुझं पुस्तक संपलं की तू जाणार. मग कशाला संपवू देऊ? मी काय खुळी आहे?"

लोसाला रागावायचं होतं. चार महिन्यांचा राग तिच्याकडे जमा होता, नुसता खर्च करायचा होता. पण मावशी एवढं खरं आणि एवढ्या सपाट आवाजात बोलली की तो काढायला जागाच राहिली नाही. मूठभर खवलेलं खोबरं मावशीने तिच्या हातावर ठेवलं, लहानपणी इलाइसाला देत असेल तसं.

"तुझी आई धावत गेली नव्हती," मावशी म्हणाली. "तारोच्या शेतात जाऊन लपली होती."

"ती तर म्हणायची..."

"ती म्हणायचीच. ऑकलंडच्या एका बाईला पोरं सांभाळायला एक मुलगी हवी होती. आमच्या घरातून एकीला पाठवायचं ठरलं. म्हातारा-म्हातारीपाशी एकीला राहायला हवं होतं, ती मी. होडी आली आणि ही गायब. होडीवाला म्हणाला, मी थांबत नाही, भरती उतरतेय. पुढची होडी महिन्याने. तोवर त्या बाईने दुसरी कुणी घेतली असती. मग मी होडीत चढले आणि वल्ह्यांवर बसले."

"वल्ह्यांवर?"

"दोन्ही वल्ही मांडीखाली घेऊन. म्हटलं, ओढ बघू आता. तेव्हाही अंगाने मी अशीच जाडजूड होते. शिव्या दिल्या त्याने, माझ्या आईबापाचा उद्धार केला. मी पोरांना शेतात धाडलं. पोरांनी तिला शोधून आणली, चिखलाने भरलेली, रडून रडून डोळे सुजलेले. मला म्हणाली, ताई, नको ना गं पाठवू. मीच तिला उचलून आत बसवली. म्हटलं, दोनच वर्षं, इलाइसा. हीर मी मधोमध ठेवून झोपेन, तुझी बाजू तुझीच. पाय धुवायलासुद्धा वेळ दिला नाही मी तिला."

कोंबड्या खोबऱ्याच्या चुऱ्यासाठी जवळ सरकल्या. मावशीने त्यांना हाकललं नाही.

"दोन वर्षांनी तुझ्या बापाशी लग्न झालं, मग तू. तिने दरवर्षी पेटारा पाठवला. डबे, कापड, साबण. पण एकाही पत्रात ती त्या दिवसाचं बोलली नाही. आणि तुला सांगितलं, धावत गेले. माझी लाज राखली तिने." मावशीने खवणीवरून पाय खाली घेतला. "तेव्हा पोर मागे राहू नये म्हणून वल्ह्यांवर बसले. या खेपेला होडीच सुटू नये म्हणून बसले होते. बाकी बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ऊठ, जा, लिही. पोरांचं मी बघते."

तिने खरंच बघितलं. चौथऱ्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली आणि येईल त्या घराला स्वतःच्या लहानपणीचे पाठ तोंडी देऊ लागली. तिला येत होते मोजकेच, त्यामुळे बऱ्याच घरांना एकच मिळाला. पण तिच्यासमोर ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. दुकानदारणीने नोहाचा विषय काढला तर मावशी म्हणाली, "नातींना मासे कर. माशांना तारू लागत नाही, वाद मिटला." आत टाइपरायटर शुक्रवारभर वाजला आणि शनिवारीही. धावत गेलेली आई लोसाने फाडून टाकली आणि चिखलाच्या पायांची आई होडीत बसवली. ती लिहिताना गॅसचा नसलेला धूर तिच्या डोळ्यांत गेला. सांजप्रार्थनेचा शंख झाला तेव्हा शेवटचं पान यंत्रातून निघालं होतं.

रविवारी तीन घरांच्या पोरांनी ओळीने एकच पाठ म्हटला. तिसऱ्या खेपेला अख्खं चर्च सोबत म्हणू लागलं. इओसेफोचा हाबेल मेला नाही तो नाहीच. काईनच कंटाळून बसला.

सोमवारी पहाटे रस्त्यावर बस उभी होती. बाड लोसाच्या छातीशी होतं.

"पुढच्या पांढऱ्या रविवारी येते, मावशी. नक्की."

"दोन वर्षं म्हण," मावशी म्हणाली. "आपल्या घरात तीच रीत आहे." आणि इओसेफोला म्हणाली, "बघत काय राहिलास? हाक गाडी, बोट चुकेल हिची."

पुस्तक निघालं. ब्रॉनविनबाईंनी राहिलेला निम्मा मोबदला दिला. तो करारातच होता. पक्षीनिरीक्षकाचं एक वर्ष गेलं. ऑकलंडातल्या लोकांना 'पूर्वी' हा शब्द परत घ्यावा लागला, आणि समीक्षकांनी शेवटच्या प्रकरणाला सगळ्यात जास्त जागा दिली. लोसाचं भाडं फिटलं, दातही झाला. एक प्रत सालेपुआला आली. इंग्रजी असल्यामुळे मावशीने ती उघडून पाहिली, पानांचा वास घेतला आणि मिटली. पेटारा दरवर्षी येऊ लागला, आईच्या काळी येत असे तसाच: डबे, कापड, साबण. आणि मावशीने पुन्हा केस कापून टाकले. गावाला सांगितलं, उवा झाल्या.