तिसऱ्या सकाळचा पाहुणा

अंत्युखियापासून दोन दिवसांच्या वाटेवर आमचं गाव. गावात प्रभूची मंडळी म्हणजे एकोणीस माणसं आणि शलमथ आत्याचं घर. फिरता संदेष्टा आला की नियम ठरलेला: एक दिवस ठेवून घ्यायचं, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. नियम चांगला होता. त्याआधी एक संदेष्टा सात महिने राहिला होता आणि त्याला सगळे दृष्टान्त जेवणाबद्दलच व्हायचे.

झब्दाय आजोबा तसे नव्हते. तीस वर्षं ते गावोगाव प्रभूचं नाव सांगत हिंडलेले. माझ्या आईनं ते नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. आत्याकडे उतरल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी गच्चीवर प्रार्थना करून ते जिना उतरत होते. पायरीवर बकरी बसली होती. बकरी उठली. आजोबांचा पाय मोडला.

"पहाटे निघतो," असं म्हणून ते उभे राहिले आणि लगेच बसले.

मंडळीतले वडीलधारे दिमासकाका कपाळ चोळत म्हणाले, "नियमात बकरीचं काही नाही."

आजोबांचे डोळे भरले. "तीस वर्षांत कुठल्याच घरी तिसरी सकाळ पाहिली नाही रे. आता बकरीपायी खोटा ठरू?"

मी म्हटलं, "काका, त्यांना वेशीबाहेर नेऊन परत आणू. म्हणजे नवे आले. नवे दोन दिवस."

काकांनी बराच विचार केला. मग स्वतःच दार बिजागरीतून काढायला लागले.

तेव्हापासून दर दुसऱ्या दिवशी काढलेल्या दारावर आडवे आजोबा, ते उचलायला पुढे मी, मागे काका. वेशीवर भाकर देऊन निरोप द्यायचा, वळायचं आणि विचारायचं, "शांती असो! कुठून आलात?"

"वेशीवरून," आजोबा म्हणायचे. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

घरी आत्या पाहुण्याचे पाय धुवायची. एक फळ्यांत बांधलेला, म्हणून एकच.

चौथ्या फेरीत माझी पाठ धरली आणि काका वेशीवरच खाली बसले. आत्या तिथं आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"दिमासा, मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठून दाखवलं ते प्रभूनं. या म्हाताऱ्याला निदान झोपू दे की!"

काका हळूच म्हणाले, "नियमाचा पुढचा भाग आहे. हातात कसब असेल तर राहावं, कामाचं खावं. आजोबा, तुम्हाला काय येतं?"

"चालणं."

सगळे दाराकडे बघायला लागले. मी कुंभार. "साच्यात माती दाबायला पाय लागत नाही," मी म्हटलं. "आजोबा, दिवे कराल?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी पहिला दिवा केला. आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या सकाळी, ते आत्याच्या अंगणात जागे झाले, उन्हाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरी असते की!"

तो दिवा त्यांनी मला दिला. एका बाजूला कलतो, तेल सांडतं. पेटवला की त्या बाजूला हात धरावा लागतो. धरतो.