मालकिणीचं लग्न

ही हकीकत १९२६ सालची. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या फ्लोरिन गावात त्या वर्षी स्ट्रॉबेरी लवकर पिकली, आणि तोडणी आटोपल्याबरोबर तोगावांच्या फुमियेचं लग्न लागलं.

तेव्हा आम्हा जपान्यांची लग्नं घरातच लागत. पुढच्या खोलीतलं सामान हलवायचं, चटया अंथरायच्या, वधूवरांनी एकाच पेल्यातून घोट घ्यायचे, की झालं लग्न. दारूबंदी होती खरी, पण तांदळाची दारू कुणाच्या ना कुणाच्या कोठारात मुरत असायचीच. कोर्टातला परवाना मागाहून, सवडीनं. कित्येकांना तर त्याची आठवण पहिलं मूल झाल्यावर होई.

काकुतारो तोगावांना फुमिये एकुलती एक. घराण्याचं नाव बुडू नये म्हणून त्यांनी कुमामोतोकडच्या आपल्याच गावातला, इकडे बागांतून मजुरी करणारा एका घरचा धाकटा मुलगा हेरला. त्याचं नाव एइकिची. तो घरजावई होऊन तोगावा नाव लावणार होता. द्राक्षांचा मळा मात्र फुमियेच्या नावावर होता. राज्याच्या कायद्यानं जपान्याला जमीन घेता येत नव्हती, आणि जपान्याला नागरिक होण्याची सोयच नव्हती. फुमिये इथं जन्मलेली, म्हणून नागरिक. मळा घेतला तेव्हा ती सात वर्षांची होती. नांगर धरण्याआधी बाप तिच्यापुढे वाकून विचारी, "मालकीणबाई, सुरुवात करू का?" आणि ती तोंडातला भात न गिळताच म्हणे, "करा."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जपानी मंडळाचे चिटणीस सेरा चहाला आले. परवान्यासाठी कोर्टात कधी जायचं ते ठरवायचं होतं. फुमियेची आई त्सुने स्वयंपाकघरात पेले विसळत होती.

"जावई जन्मला कुठं?" सेरांनी विचारलं.

"आमच्याच गावात!" काकुतारो अभिमानानं म्हणाले.

"म्हणजे जपानात." सेरांनी कप खाली ठेवला. "तोगावा-सान, चार वर्षांपूर्वीचा कायदा ऐकला नाहीत? इथल्या मुलीनं जपानी नवरा केला की तिचं नागरिकत्व जातं. मग ती तुमच्या-माझ्यासारखीच परकी. आणि परकी झाली की जमीन..."

काकुतारो हसले. "अहो, ती कुठं सासरी चाललीय? नवरा आमच्याकडे आलाय. नाव आमचं लावतोय. बदललाच तर तो बदलेल, ती कशी बदलेल?"

"सरकारला घरजावई ठाऊक नाही. बाई नवऱ्याच्या मागून जाते, एवढंच त्याला कळतं."

"पण लग्न तर काल झालं!" त्सुने दारातूनच म्हणाली.

"परवाना नाही, म्हणजे कोर्टाच्या लेखी झालेलं नाही. असं मला वाटतं."

"वाटतं?"

"वहिनी, मी वकील नाही."

त्सुनेच्या हातात पेला तसाच राहिला. त्या दिवशी तिला जी धडकी भरली, ती कित्येक वर्षं गेली नाही.

अर्धं गाव लग्नाचं जेवलं होतं. शेजारच्या हॅझलेटनं तर कुंपणावर कोपर टेकून दारातले कंदील पाहिले होते. या मळ्यावर त्याचा डोळा होता. फोटोवाल्यानं नवरानवरीची तसबीर दुकानाच्या काचेत लावली होती. काकुतारो धावत जाऊन ती उतरवून घेऊन आले आणि त्सुनेनं ती तांदळाच्या पिंपात तळाशी पुरली.

ठरलं असं, की परवाना काढायचा नाही आणि लग्न झालंच नाही असं दाखवायचं. एइकिचीची खाट तबेल्याला लागून असलेल्या मजुरांच्या खोपटात गेली. दिवसाउजेडी तो घरात पाऊल टाकत नसे. जेवण खिडकीतून. हे लग्न जुळवणाऱ्या ओकुनो काकू एकदा ते बघून म्हणाल्या, "काल रेशमी पोशाख, आज घोड्याशेजारी बिछाना! जावईबापू, मानपान बरा चाललाय ना?"

"घोडा बोलका नाही, काकू," एइकिची म्हणाला. "तुमच्यापेक्षा शेजार बरा."

काकू हसल्या. त्सुनेला हसू आलं नाही. रस्त्यावर धूळ उडाली की ती आधी एइकिची कुठं आहे ते बघे, आणि मगच मोटार कुणाची ते.

द्राक्षं उतरली तेव्हा फुमियेला दिवस गेले होते.

"अहो, जाऊ या कोर्टात," त्सुने नवऱ्याला म्हणाली. "मळा गेला तर गेला. मुलाला बाप नको का?"

"आणि मुलाला खायला काय घालशील? कागद?"

"लोक काय म्हणतील तिला!"

इस्त्री करणारी फुमिये मान वर न करता म्हणाली, "आई, बाबा, जमीन माझी आहे आणि पोटही माझंच. दोन्हींचं काय करायचं ते मला ठरवू द्या."

जानेवारीत वेलांची छाटणी चालू असताना ती मोटार आली. सरकारी वकिलाच्या कचेरीतला माणूस होता, तरुण, बूट चिखलात जपून टाकणारा. काकुतारो, एइकिची दोघंही पहिल्याच रांगेत होते. त्सुनेला पळायलाही सुचेना. ती ओले हात एप्रनला पुसत उभी राहिली, पुसतच राहिली.

"मळ्याचा मालक कोण?"

"मी," म्हणत फुमिये पायरीवर आली. सातवा महिना लपण्यासारखा नव्हता.

"लग्न झालंय?"

एवढं इंग्रजी त्सुनेला कळत होतं. एइकिचीच्या कात्रीचा आवाज थांबला. मुलगी हो म्हणाली तर मळा जाणार होता, नाही म्हणाली तर अब्रू. त्सुनेला वाटलं, आपणच काहीतरी बोलून दोन्ही घालवू. तिनं ओठ दातांत धरला.

"नाही," फुमिये म्हणाली.

त्या माणसाची नजर तिच्या पोटावर गेली. तिचे कान लाल झाले, पण ती तिथून हलली नाही.

"कंदील लावून लग्न झालं, असं कळलंय."

"जेवण होतं. तोडणी संपली की आम्ही जेवण घालतो."

"आणि तो कोण?" त्यानं एइकिचीकडे बोट केलं.

"कामगार," काकुतारो म्हणाले.

एइकिचीनं पाठ फिरवली आणि पुन्हा छाटायला लागला. नंतर बघितलं तर तो वेल त्यानं पार बुंध्यापर्यंत कापला होता, फळ धरणाऱ्या फांद्यांसकट.

माणूस बराच वेळ काहीतरी लिहीत होता. मग वही मिटून, आवाज उतरवून फुमियेशी दोन वाक्यं बोलला आणि गेला. मोटार वळणापलीकडे गेली तशी फुमिये पायरीवर मटकन बसली.

"काय म्हणाला गं? काय म्हणाला?" त्सुनेनं तिचे खांदे धरले.

"म्हणाला, तुझ्यासारख्या फसलेल्या मुलींसाठी शहरात एक आश्रम आहे. लाजू नकोस, जा."

तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, हे त्सुनेला कळलं नाही.

मार्चमध्ये मुलगा झाला. सुईणीनं बापाच्या नावाची जागा कोरी सोडली. आईचंच नाव लागल्यामुळे तो तोगावा झाला. काकुतारोंना हवं होतं ते मिळालं, पण बारशाला त्यांनी कुणाला बोलावलं नाही.

१९३१ साली तो कायदा बदलला आणि इथल्या मुलींना जपानी नवरा करूनही नागरिक राहता येऊ लागलं. त्याच उन्हाळ्यात फुमिये आणि एइकिची दोन मुलांना घेऊन परवान्यासाठी कोर्टात गेले. कारकुनानं विचारलं, किती दिवसांची ओळख? एइकिची म्हणाला, "कामगार म्हणून की नवरा म्हणून?" साक्षीला गेलेल्या ओकुनो काकूंनी त्याला चिमटा काढला.

हॅझलेट मंदीत जमीन विकून ऑरेगनला गेला. सेरा हिरोशिमाला परतले. युद्धानंतर त्यांचं पत्र आलं नाही. काकुतारो १९३८ साली छाटणीच्या दिवसांतच गेले. १९४२ साली, जपानशी युद्ध पेटल्यावर, नागरिक असो की परका, सगळ्याच जपान्यांना सरकारनं छावणीत तारांच्या कुंपणाआड नेलं, त्यात फुमियेही होती. परत आले तेव्हा अर्धे वेल वाळले होते, पण मळा तिच्याच नावावर होता. ओकुनो काकू मात्र छावणीतच वारल्या. पुढे जपान्यांनाही नागरिक होता येऊ लागलं तेव्हा एइकिची झाला. थोरला मुलगा शाळेत सुतारकाम शिकवतो.

त्सुने पुष्कळ जगली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नसत. जावई खोलीत आला की कुणी बघेल म्हणून ती घाईघाईनं खिडकी लावून घ्यायला सांगे, आणि तोही दर वेळी उठून लावून घेई.