धाबळीवरचा चमत्कार

काशीच्या पंचगंगा घाटावर एवढी गर्दी एरवी कार्तिकात असते. हा तर ज्येष्ठ होता, आणि लोकांची तोंडं गंगेकडे नव्हतीच, शीशाबाबाकडे होती. बाबाने एका बाईचा मोबाइल हातात धरून त्याच्या काचेवर भलाथोरला चाकू ओढायला घेतला होता. कर्र, कर्र! बायकांनी डोळे घट्ट मिटले. बाबाने काच पुसून वर धरली. ओरखडा नाही! मग किल्ल्यांचा जुडगा घासला, नाणं घासलं. काच जशीच्या तशी. शेवटी तो उठून उभा राहिला, मोबाइल डोक्यावर नेला, "हर हर महादेव!" म्हणाला आणि सोडून दिला. धप्प! बाईने धावत जाऊन उचलला, तर काचेआड फोटोतला तिचा नातू हसतोच आहे.

"वज्रलेप!" बाबा गरजला. "गंगोत्रीचं जल, हिमालयाची जडीबूटी, आणि आमच्या गुरूंच्या जटेतून गाळलेला एक एक थेंब! एकदा लावा, काच राहत नाही, इंद्राचं वज्र होतं!"

वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या प्रभावतीबाईंनी नाक मुरडलं. "गुरूंनी केस धुतले वाटतं कधी तरी."

प्रभावतीबाईंची शाळा तिसरीत सुटली होती, पण जिभेची धार सत्तरीतही उतरली नव्हती. बाबा-बुवांचा त्यांना कंटाळा नव्हता. काशीत राहून बाबांना कंटाळायचं म्हणजे माशाने पाण्याला कंटाळायचं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. बाबा बसला होता तो त्यांच्या घरच्या चौकीवर. छत्रीखालची ती लाकडी चौकी त्यांच्या आजेसासऱ्यांनी मांडलेली. साताऱ्या-सांगलीकडची माणसं बसमधून उतरली की नाव विचारत तिथेच यायची, संकल्प सांगून घ्यायची, आणि परत गेल्यावर शेजाऱ्याला सांगायची, काशीत जाल तर आमच्या गुरुजींकडेच जा. आणि हीच चौकी त्यांच्या मुलाने, ढुंढिराजने, बाबाला देऊन टाकली होती. तेवढ्याने भागलं नाही. आज साताऱ्याची बस यायची होती, आणि तिच्यासमोर ढुंढिराज स्वतः सांगणार होता की या लेपाला आमच्या चौकीची हमी आहे.

"काय वाईट आहे त्यात, आई?" सकाळीच तो म्हणाला होता. "लोकांचंच भलं होतंय."

"आणि घरी जाऊन काच फुटली तर?"

"बाबा म्हणतात, श्रद्धा कमी पडली तरच फुटते."

"वा रे वा! नाही फुटली तर बाबाचं पुण्य, आणि फुटली तर फोनवाल्याचं पाप. आता माझं लोणचं नासलं की मीसुद्धा म्हणेन, खाणाऱ्याची श्रद्धा कमी पडली."

"तू ना, काही समजून घेत नाहीस," म्हणत तो निघून गेला होता.

आता त्या पायऱ्या उतरून जवळ आल्या. चौकीवर चौपदरी घडी घातलेली धाबळी होती, सोवळ्यात नेसायची, जाडजूड लोकरीची, सासऱ्यांची. मोबाइल पडत होता तो हिच्यावर.

"ही इथे कुणी आणली?"

"मीच," चौकीशेजारी उभा असलेला ढुंढिराज हळूच म्हणाला. "मंत्रलेली वस्तू उघड्या दगडाला टेकली की शक्ती जमिनीत जाते ना. लोकरीला विटाळ नाही, हे तूच शिकवलंस."

शिकवलं होतं खरं. प्रभावतीबाईंनी मग बाकीचं सोवळंही डोळे उघडून पाहिलं. जो येई त्याला बाबा आधी लोट्यातल्या पाण्याने हात धुवायला लावी. मग मोबाइल ओल्या फडक्याने पुसून घेई, चाकू पुसून घेई. शुद्धी म्हणे! भोवतीचे लोक कौतुकाने मान डोलवत होते. पण प्रभावतीबाईंच्या घरी पितळी भांडी आजही गंगेच्या वाळूने घासतात, आणि भांडी घासणाऱ्या बाईला त्या रोज ओरडतात, काचेच्या बरणीला वाळू लावशील तर खबरदार.

त्यांनी नातीला, अंतराला, खूण केली. अंतरा शाळेत विज्ञान शिकवते. आजीने तिच्या कानात काही विचारलं, नात हसली आणि आपला मोबाइल काढून आजीच्या हातात दिला.

तेवढ्यात साताऱ्याची मंडळी पायऱ्या उतरून आली. ढुंढिराज पुढे झाला, घसा खाकरला, "मंडळी, आमच्या चौकीच्या वतीने..."

"थांब," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आधी माझा एक फोन. बाबाजी, याला तुमचा लेप नाही बरं. गुरूंचा एक केससुद्धा नाही."

बाबा काही बोलायच्या आत त्यांनी चाकू उचलला आणि काचेवर ओढला. कर्र, कर्र! ओरखडा नाही. किल्ल्या घासल्या. नाही. मग हात उंच करून मोबाइल धाबळीवर टाकला. धप्प! काच शाबूत.

गर्दीत कुजबुज झाली. बाबा पक्का होता. हात जोडून म्हणाला, "माताजी के हाथ में ही सिद्धी है!"

"मग उठ की! मी बसते तिथे."

लोक खदखदून हसले. प्रभावतीबाई हसल्या नाहीत. त्या मुलाकडे वळल्या. "ढुंढ्या, तुझ्या फोनला लेप लावलाय ना? आण इकडे."

ढुंढिराजचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. "आई, त्यात सगळ्या यजमानांचे नंबर आहेत."

"वज्र झालंय ना त्याचं? मग भितोस कशाला?" त्या एक पायरी खाली आल्या, आवाजही खाली आणला. "तुझा तुलाच विश्वास नाही, आणि ही माणसं आपल्या नावावर विश्वास ठेवून इतक्या लांबून आलीत."

ढुंढिराजने मोबाइल काढून दिला. त्यांनी पायरीच्या सांध्यात अडकलेली चिमूटभर वाळू उचलली, काचेवर ठेवली आणि भांडं घासावं तसा अंगठा फिरवला. मग पदराने पुसलं. काचेवर मांजराने नखं मारावीत तशा रेघा.

"गंगामाई का कोप!" बाबा ओरडला.

साताऱ्याची एक म्हातारी पुढे सरली. "अवं, पर वाळू बी गंगेचीच न्हवं का? गंगेची वाळू गंगेच्याच पाण्याचा लेप कशी खरवडंल?"

बाबाने लेपाची एक बाटली हळूच झोळीकडे सरकवली.

"लोखंडापेक्षा ही काच कठीण असते, आजी," अंतरा म्हणाली. "कारखान्यातच ती तशी करतात. म्हणून चाकू, किल्ली, नाणं तिचं काही करू शकत नाही. वाळूतले गारगोटीचे कण मात्र काचेहून कठीण. म्हणूनच हे आधी हात धुवायला लावतात. बोटांची वाळू जायला हवी ना!"

"आन् पडून फुटंना त्ये?"

"मऊ लोकरीवर सपाट पडला तर धक्का सगळीकडे वाटला जातो. दगडावर कोपऱ्याने पडला की सगळा मार एका टोकावर बसतो."

ढुंढिराजने आईच्या हातातून आपला मोबाइल घेतला, चौकीपासून बाजूला उघड्या दगडी पायरीवर गेला, डोक्याएवढा उंच धरला आणि सोडला. खळ्ळ! उचलला तेव्हा काचेवर कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसत होतं. ते त्याने साताऱ्याच्या मंडळींना फिरवून दाखवलं. "हमी द्यायला निघालो होतो मी," तो म्हणाला. "ही घ्या हमी."

एव्हाना बाबा लेपाच्या बाटल्या झोळीत भरत होता. "जहाँ आस्था नहीं, वहाँ हम नहीं," असं पुटपुटत तो निघाला. वाटेत एक नावाडी ओरडला, "बाबा, आपन फोन तनी पत्थर पे गिरा के देखावत जा!" बाबाने झोळी छातीशी धरली आणि पाय उचलला.

प्रभावतीबाईंनी धाबळी उचलून झटकली. लोक अजून उभेच होते, काही तरी ऐकायला मिळेल म्हणून. त्यांनी ऐकवलं.

"मी शिकलेली नाही. पण डोळे आहेत, आणि ते तुम्हालाही आहेत. फोन वाळूपासून जपा, चांगलं कव्हर घाला, आणि पडला तर फुटेल हे धरून चाला. देवाला हात जोडा, जोडू नका कोण म्हणतं? पण कुणी चमत्कार दाखवायला लागला ना, की त्याला आधी म्हणा, बाबा रे, खालची धाबळी काढ. मग दाखव."

धाबळी खांद्यावर टाकून त्या पायऱ्या चढायला लागल्या. मागे, उघड्या चौकीवर बसून, ढुंढिराज साताऱ्याच्या म्हातारीला तिचं गोत्र विचारत होता.